पाच घरांची शेवंताआक्का

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. मध्यंतरी तिच्या ऑफिसात कुणीतरी तिच्यावर जास्तीचं काम ढकलत होतं, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "आधी माणूस द्या, मग काम." सगळे हसले. एकानं विचारलं, ही बोलायची कुठली पद्धत? तिला सांगता आलं नाही. तिनं बारामतीला मला फोन केला, आणि मी दुकानात बियाण्याला आलेलं गिऱ्हाईक उभं ठेवून बराच वेळ बोलत बसलो. ती पद्धत लासुर्ण्यात आमच्या बांधाला बांध असलेल्या शेवंताआक्कांची होती, आणि आक्कांना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

"आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा महाराष्ट्रात पाण्याखाली जाणाऱ्या कितीतरी गावांनी दिली. आक्कांचं सासर पळसदेवच्या अंगाला, भीमेच्या काठावर. उजनीचं पाणी चढायचं ठरलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मोर्च्यात बायका पुढं हव्यात असं गावात ठरलं, आणि घोषणा कुणी द्यायची यावर चर्चा करायची गरज पडली नाही. आक्कांचा आवाज उसाच्या फडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा.

"येका हातानं पदर धरायचा न् दुसरा हात वर," असं त्या आम्हाला करून दाखवायच्या. "म्होरं पोलीस न् मागं सासरा. मला सासऱ्याचंच भ्याव जास्त."

धरण झालं. पुनर्वसन मागून, रखडत आलं. घोषणा हरली, पण तिचा साचा आक्कांच्या तोंडात कायमचा बसला. "आधी च्या, मग राजकारण." "आधी पोरीची परीक्षा, मग तिला बघायला येनारे पावणे." नवरा-बायकोचं भांडण मिटवायला बोलावलं तर, "आधी तिचं आयकू, मग तुझं." हळूहळू आसपासची सगळीच माणसं तसं बोलायला लागली. माझी मुलगीही त्यांच्यातलीच एक.

त्या पाण्यानं आमच्याकडे आणखीही शब्द आणले. जुनं गाव, नवं गावठाण, लाभक्षेत्र, बुडीत. गणितात नापास झालेल्या पोराचं गणित 'बुडितात गेलं' असं अजून म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला तो शब्द कुठल्या पाण्यातून आला ते ठाऊक नसतं. माझ्या लहानपणी धरणामुळं उठून आमच्या शेजारी आलेल्या वस्तीवरच्या पोरांना शाळेत 'बुडीत' म्हणूनच हाक मारायचे. मीही मारायचो. आक्कांना हे माहीत होतं. मोठेपणी मी एकदा तो विषय काढला, तर म्हणाल्या, "मग काय झालं? तुला मी 'पाटाचा बेडूक' म्हनायची. तुला आयकू आलं न्हाय इतकंच."

दोन शब्दांशी मात्र त्यांचं वैर होतं. पहिला क्रांती. आमच्या भागात ऊस आला, वीज आली, दूध डेअऱ्या आल्या, आणि प्रत्येक वेळी व्यासपीठावरून कुणीतरी क्रांती झाल्याचं सांगितलं. आक्का म्हणायच्या, "आली आसंल बया. आमी तवा बैलगाडीत जातं चढवत व्हतो. बगायला सवड न्हवती."

दुसरा शब्द त्याग. एकदा पंधरा ऑगस्टला शाळेत एक पाहुणे धरणग्रस्तांच्या त्यागाबद्दल फार भरून बोलत होते. आक्का नातीचं नाचकाम बघायला आलेल्या. मागच्या रांगेतून त्यांचा आवाज आला, "त्याग केला न्हाय सायेब, करून घेतला!" पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला आणि भाषण तिथंच आवरतं घेतलं. नातीचं नाचकाम त्यामुळं लवकर आलं, याचा आक्कांना जास्त आनंद झाला.

आता आमच्या घराचं सांगायला हवं. लाभक्षेत्रात ज्यांची जमीन ठरलेल्या मर्यादेच्या वर होती, त्यांच्याकडून थोडी थोडी काढून ती धरणग्रस्तांना दिली गेली. आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रस्त्याकडचा तुकडा गेला. त्यावर पाच घरं येऊन बसली, त्यातलं एक आक्कांचं. तात्या त्या पाच घरांशी पुढं कैक वर्षं एक शब्दही बोलले नाहीत. विहिरीकडं जायची आमच्या शेतातली पायवाट त्यांनी काटे टाकून बंद केली. वस्तीवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून वळसा घालायच्या आणि मी पाटात पाय सोडून ते बघत बसायचो. आमच्या पाटाच्या वरच्या टोकालाही एक धरण आहे, आणि त्याच्या पोटातही कुणाची तरी गावं असणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून उसाला पाणी सोडताना मला नीट वाटत नाही. सोडतो मात्र.

तात्या गेले तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आक्का रडल्या. मला ते खटकलं. दहाव्यानंतर मी विचारलंच, "आक्का, त्यांनी तुम्हाला इतका त्रास दिला."

"दिला की. खडूस व्हता तुजा बाप. पर तोंडावर गोड न् मागनं खडूस, आसा न्हवता." मग म्हणाल्या, "न् त्याचीबी जिमीन गेलीच का न्हाय? त्याला तरी कुनी इचारलं व्हतं?"

माझ्या सगळ्या शिक्षणात तात्यांची बाजू मला कुणी अशी सांगितली नव्हती.

वस्तीची एक रीत होती. पाहुण्याचं ताट कधी एका घरातून भरायचं नाही. भाकरी एका घरची, कालवण दुसऱ्या, ठेचा तिसऱ्या, ताक चौथ्या आणि भात पाचव्या घरचा. ही माणसं पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडली त्या दिवसांत कुणाकडं जातं होतं, कुणाकडं म्हैस, कुणी मिरच्यांचं पोतं वाचवून आणलेलं. एका घरात सगळं असं काही नव्हतंच. पुढं प्रत्येकाच्या घरात फ्रीज आले, गॅस आले, तरी ताट पाच घरांचंच राहिलं. नव्या सुनांना ते जाच वाटायचं. एक सून मला म्हणाली होती, "पावणा माझ्या भावाचा साडू, न् भात कराय पळायचं पलीकडच्या मामींनी. बरं त्यांचा भात गिचका." आक्का आतून ओरडल्या, "आधी गिचका भात खा, मग नावं ठिव!"

आक्का ही रीत सोडत नव्हत्या, त्यामागं गजराबाई होत्या. उजनीचं पाणी फार खाली गेलं त्या उन्हाळ्यात मी आक्कांना माझ्या गाडीतून जुन्या गावाकडं नेलं होतं. पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर आलं होतं, मासेवाल्यांच्या होड्या गाळात आडव्या पडल्या होत्या. मला वाटलं आक्का आपलं घर शोधतील. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितं कुठंतरी गजराची भित." गजराबाई त्यांची शेजारीण. दोघींची एकच भिंत. गाव उठताना कुणी कुठं जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि गजराबाईंची चिठ्ठी नदीपलीकडं, करमाळ्याच्या बाजूला निघाली.

"मग भेट व्हायची का?"

"दोन लग्नांत झाली. रडलो. मग काय बोलावं ते दोघींनाबी सुचंना." आक्कांनी चपलेनं गाळातला एक शिंपला उलटा केला. "सुकादुकाचं पावण्याशीबी बोलता येतं, सुभ्या. पीठ संपलंय ह्ये सांगाया शेजारीनच लागती."

मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. चारचौघांत त्या मला सुभाषराव म्हणायच्या, एरवी सुभ्याच.

मग रस्ता आला. इंदापूर-बारामती रस्ता रुंद होणार आणि वस्तीची पाचही घरं त्यात जाणार अशी मोजणी झाली. रस्त्याकडच्या आणखी काही घरांसकट सगळ्यांना गावाजवळच्या गायरानात प्लॉट द्यायचं ठरलं. कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकून. ही बातमी आली त्या दिवशी मी आक्कांना पहिल्यांदा गप्प बसलेलं पाहिलं. घर पुन्हा जाणार याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. "भिती काय, परत बांदू," म्हणाल्या. "पर चिठ्ठ्या?" गजराबाईंसारखी पुन्हा पाच दिशांना पाच घरं गेली तर त्यांच्या हयातीत ती परत जोडली जाणार नव्हती. वय सत्तरीकडं झुकलेलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आक्का, आमची बांधाकडची पट्टी आहे. पाचही घरं तिथं बांधा. मी द्यायला तयार आहे."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू देशील. न् मग जल्मभर तुला बरं वाटंल."

"त्यात वाईट काय?"

"आरं तुज्या जिवावरचं वज्जं उतरवाया मी काय हमाल हाय व्हय? आधी आमच्या हक्काचं, मग तुजं उपकाराचं. तुजी पट्टी कुठं पळून जातीय का?"

मोजणीचं काम बघायला ज्या अधिकारी बाई आल्या त्या वयानं लहान, मूळच्या विदर्भातल्या. उन्हातान्हात कागद घेऊन फिरत होत्या. आक्कांनी त्यांना जेवायला बसवलंच. भाकरी आली, शेजारच्या घरातून वांग्याचं कालवण आलं, पलीकडून ठेचा, मग ताक, मग भात. मॅडमनी दुसरी भाकरी मागितली तेव्हा आक्का समोर बसून म्हणाल्या, "आता ह्या ताटाच्या चिठ्ठ्या टाका, बाई."

"म्हणजे?"

"भाकरी म्होरल्या वळीत, कालवन वड्याकडंला, ताक पार पान्याच्या टाकीपाशी. न् मग जेवा बगू."

मॅडम हसल्या. मग हात थांबला. म्हणाल्या, "तुमच्या पाच घरांनी मिळून एकच चिठ्ठी घेतली तर सलग पाच प्लॉट देता येतील, आक्का. पण नीट विचार करा. एक चिठ्ठी म्हणजे एकच नशीब. ओढ्याकडची मागची रांग निघाली, तर पाचही घरं मागं."

"चालंल."

"पाचही घरांना चालेल?"

"पाच घरं म्हंजी मीच की. लिवा."

वस्तीवरच्या बायका डोळे पुसत हसत होत्या. मलाही भरून आलं. चाळीसेक वर्षांपूर्वी जे हरलं ते आज जिंकलं, असं काहीतरी मी मनातल्या मनात जुळवत होतो. पाचव्या घरचा बापू तेव्हा तिथं नव्हता. बापू शेतपंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, त्याचं दुकान घरालाच लागून, रस्त्यावर. तांब्याची तार आणायला तो बारामतीला गेला होता.

संध्याकाळी तो आला. तारेचं बंडल खांद्यावरच होतं.

"आक्का, वड्याकडंच्या वळीला मोटार घिऊन कोन यील?"

"यील की. तुजं नाव हाय."

"नाव रस्त्यामुळं हाय. मोटार जळली की मानूस रस्त्यानं दिसंल त्या दुकानात शिरतो. माजी दोन पोरं त्यावर शिकत्यात." त्यानं बंडल खाली टाकलं. तो ओरडला नाही. "तुमी बाईंना पाच घरं म्हनून सांगितलं. मला इचारलं व्हतं का?"

अंगणात सगळे होते. आक्कांच्या पुढ्यात घेवड्याच्या शेंगा होत्या, हातातली शेंग तशीच राहिली. ज्या बाईनं आयुष्यभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला, तिला तो त्या दिवशी कुणीतरी विचारला होता.

बापूची बायको मध्ये पडली, "मामी, त्ये रागात बोलत्यात."

"रागात न्हाय," आक्का म्हणाल्या. "बराबर बोलतोय. न्हाय इचारलं, बापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात. "सुभ्या, गाडी काढ. इंदापूरला जायचं."

अर्ध्या रस्त्यात, खिडकीकडं बघतच आक्का म्हणाल्या, "आमाला ज्यांनी उठवलं ना, त्ये सायेबलोक असंच म्हनत व्हते. सगळ्यांच्या भल्याचं हाय, लिवा. मला वाटायचं, कसली काळजाची मानसं आसतील ही. वाईट न्हवती रं. त्यांनाबी आसंच भरून आलं आसंल."

मी गाडी चालवत राहिलो. काल मलाही भरून आलं होतं.

मॅडमच्या टेबलापुढं उभ्या राहून आक्का म्हणाल्या, "काल मी पाच तोंडांनी बोलले. त्यातलं येक तोंड माजं न्हाय. खोडा."

"आक्का, तुम्हीच तर ताटाचं सांगितलं होतं."

"ताट बराबर व्हतं. मी इचारायचं इसरले. बापूची येगळी चिठ्ठी, आमची चौगांची येक. न् त्या तिगांनाबी आज पुन्ना इचारून घ्या, माज्या म्होरं न्हाय. माज्या म्होरं न्हाय म्हनायला भित्यात ती."

मॅडमनी ती नोंद खोडली. मग म्हणाल्या, "बसा, चहा घ्या," आणि आक्का बसल्या. परतताना त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या, आणि ताट चारच घरांचं होणार याचं त्यांना दुःख नसेल असं मला वाटलं. ते चूक होतं. वाटेत एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला जाऊन दोन मिनिटं उभ्या राहिल्या, आणि तोंड पुसून परत येऊन बसल्या.

चिठ्ठ्या ग्रामपंचायतीत काढल्या. बापूला पुढच्या रांगेतला कोपऱ्याचा प्लॉट लागला. चौघांच्या चिठ्ठीत मागची, ओढ्याकडची रांग निघाली. बापूला हसावं की काय करावं ते कळेना. आक्कांनी त्याच्या पाठीत धपका घातला, "पेढं आन की! तोंड काय पाडलंस?"

तो पेढे घेऊन आला तेव्हा त्याला बाजूला ओढून त्या म्हणाल्या, "आता इचारतीया. दुकान म्होरं टाक, अख्ख्या प्लॉटात. न् घर माज्या प्लॉटात बांद. निम्मा मला रग्गड झाला. मला काय तितं कबड्डी खेळायचीय? पायजे का तुला?"

"आक्का, हे कसं..."

"पायजे का न्हाय येवढंच सांग. लगीच नगं. बायकूला इचार."

बापूला दोन दिवस लागले. त्याच्या बायकोला एक क्षणही लागला नव्हता, पण ती म्हणाली, त्यांना सावकाश हो म्हणू दे. त्यानं होकार दिला तेव्हा सरपंच तिथंच होते, आणि ते हात जोडून म्हणाले, "आक्का, केवढा हो तुमचा त्याग!"

"सरपंच," आक्का म्हणाल्या, "पेढा खा न् गप बसा. सोय हाय ही. त्याच्या पोराच्या अभ्यासाला माजी वसरी, न् माज्या गुडग्याला त्याचं पोर. कळलं?"

बापूच्या दुकानाची पाटी आता गायरानाच्या कोपऱ्यावर लांबून दिसते. मागं ओढ्याकडच्या रांगेत चार प्लॉट आणि पाच घरं आहेत. आक्का त्या नव्या घरात एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिल्या आणि एका पहाटे झोपेतच गेल्या. त्या काळात मी त्यांना पुष्कळदा भेटलो. पण शेवटचं म्हणून डोळ्यांपुढं येतं ते त्याआधीचं आहे, पायाची आखणी झाली त्या सकाळचं.

गवंड्यानं जमिनीवर दोरी लावून पांढरी फक्की टाकली होती. घराचं बाकी काहीच नव्हतं, नुसत्या रेघा. मी लांबून आलो तेव्हा आक्का त्या रेघांच्या मधोमध उभ्या राहून गवंड्याशी भांडत होत्या. त्याचं म्हणणं, दोन घरांच्या मधल्या भिंतीत दार कुणी ठेवतं का, उद्या वाटण्या होतील, भांडणं होतील.

"भांडनं झाली तर लावून घेऊ की! दार हाय म्हंजी लावता येतं. भित काय लावता येती व्हय?" त्यांनी पदर खोचला, फक्कीचं घमेलं स्वतः उचललं आणि पायानं रेघ पुसून तिथं मोकळी जागा केली. बापू पलीकडच्या चौकोनात उभा होता. "बापू, तुजी चूल कुठं?" त्यानं पायानं जागा दाखवली. आक्का मोकळ्या जागेतून त्याच्या स्वयंपाकघरात गेल्या, परत आपल्याकडं आल्या, पुन्हा गेल्या. "हां. झाकन पडायच्या आत कालवन पोचतंय," म्हणाल्या.

मी हसत सरळ त्यांच्याकडं निघालो, पांढरी रेघ ओलांडून.

"आरं ए सुभाषराव!" अख्ख्या गायरानाला ऐकू जाईल असा तो आवाज. "भितीतनं कुठं घुसतोयस? दारातनं ये की!"

मी मागं वळलो, रेघेच्या कडेनं चालत दारापर्यंत गेलो, चपला काढल्या आणि आत आलो.